जाऊबाईंचं मनगट

आमच्या मोठ्या जाऊबाईंना घरात सगळे 'भोंगा' म्हणायचे. मुंगी चावली तरी वरच्या मजल्यावरची माणसं खिडकीतून डोकावत. शिलाई मशीनवर बसल्या की टाचणी बोटाला लागो न लागो, "अगं आई गं!" ठरलेलं. बत्तीस वर्षं त्यांनी अख्ख्या घराचे कपडे शिवले, आणि ओरडत ओरडतच शिवले.

मी ॲक्युपंक्चर करते. सुई टोचण्याआधी अंगठ्याने दाबत दुखरा बिंदू शोधायचा, आणि पेशंट कळवळला की त्याचं खरं मानायचं, हेच माझं काम. परक्यांचं मानलं. घरच्या माणसाचं नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी त्या माझ्या दवाखान्यात आल्या. "धाकटे, खांदा भरून आलाय बघ." मी खांद्यापासून बिंदू दाबत खाली आले आणि डाव्या मनगटाच्या घडीवर, करंगळीच्या बाजूला नुसता अंगठा टेकवला, तर केवढ्याने किंचाळल्या! पडद्याबाहेर तीन पेशंट बसलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ताई, पुरे झाली नाटकं," मी म्हणाले, आणि रागाच्या भरात तिथेच पुन्हा दाबलं. जोरात. त्या एकदम गप्प झाल्या.

चौथ्या दिवशी त्यांना हार्ट अटॅक आला.

थोडक्यात वाचल्या. मनगटाचं मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "हृदयाचे आणि हाताच्या त्या बाजूचे मज्जातंतू मज्जारज्जूत जवळपास एकाच ठिकाणी शिरतात. तक्रार हृदयाची, पण मेंदूला वाटतं हाताची. मग तिथली कातडी हुळहुळी होत असावी. सगळं सिद्ध झालेलं नाही अजून." मला सिद्ध व्हायला काय राहिलं होतं? त्या खरं सांगत होत्या आणि मी त्यांना चारचौघांत खोटं पाडलं. चार दिवस माझ्या हातात होते.

आता दर आठवड्याला दवाखान्यात बोलावून मी स्वतः त्यांचं मनगट तपासते. काल दाबलं आणि विचारलं, "दुखतंय?"

"छे गं. काही नाही."

पण चादरीखाली त्यांच्या पायाची बोटं आवळली होती. मी हात काढला आणि लगेच डॉक्टरांना फोन लावला. मग त्यांच्याजवळ बसले. "ताई, दुखलं तर ओरडा ना हो, पूर्वीसारखं."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "बाहेर लोक बसलेत गं तुझे."