दोघांच्या सहलीचं तिसरं तिकीट

वहिनी गेल्याचा निरोप घेऊन माझा भाचा तळेगावला आला तो दुपारच्या लोकलने. दारात घामाघूम उभा. मी पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाले, "एकटाच आलास होय? तुझ्या आईला आणायचं नाही का रे बरोबर?" माझ्या हातातला तांब्या त्याने हळूच काढून घेतला आणि खाली ठेवला. "आत्या, आईच…" एवढंच म्हणाला. सकाळी छातीत कळ आली होती, दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. चुकीच्या वेळी चुकीचं बोलायची माझी खोड जुनीच आहे, पण त्या दिवशी तिने कहर केला.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे. लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच, "शालनताई, ती नाशिकची गोष्ट होऊन जाऊ द्या." वहिनीच्या दिवसकार्यालासुद्धा, रडून डोळे सुजल्यावर, एका मावशींनी तेच सुचवलं. मी सुरुवातही केली. दादा-वहिनीच्या सहलीला मी कशी गेले, खिडकी कशी बळकावली… लोक हळूहळू हसायला लागले आणि माझं लक्ष दादाकडे गेलं. तो भिंतीला टेकून बसला होता. तोही हसत होता, पण ऐकत नव्हता. मी मधेच थांबले. वीस वर्षं हशा मिळवत आलेल्या त्या गोष्टीचा शेवट मला त्या दिवशी काही केल्या सांगता आला नाही. म्हणून इथे लिहिते आहे, सबंध.

तेव्हा आम्ही पिंपरीत दोन खोल्यांत राहत होतो. गावाची शेतं एकेक करून कंपन्यांना जात होती आणि दादा अशाच एका नव्या कंपनीत लागला होता. आतल्या खोलीत चूल. बाहेरच्या खोलीत आई, वडील, मी, दोघे धाकटे भाऊ, आणि एका कोपऱ्यात जुन्या लुगड्याचा पडदा लावून दादा-वहिनी. त्यांच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्या पडद्यामागे कुणी खोकलं तरी वडील बाहेरून विचारायचे, "काढा करायला सांगू का?" दादा दिवसा बायकोशी थेट बोलायचाही नाही. "शालन, तिला विचार, डबा झाला का." ती दोन हातांवर उभी असायची. मी विचारायची, ती मला सांगायची, मी त्याला सांगायची. मला हे काम फार आवडायचं… घरात आपल्यावाचून अडतंय असं वाटायचं.

दादाच्या खात्यात निवृत्ती नावाचा एक सोबती होता, नाशिककडचा. घरचा द्राक्षाचा मळा. थंडीत त्याने दादाला बोलावून ठेवलं, "जोडीनं या राव, द्राक्षं खा, सोमेश्वरचा धबधबा बघा." दादाने रजेचा अर्ज टाकला. साहेबांनी रजा मंजूर केली ती मे महिन्यातली. दादाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो पडला कारखान्यातला माणूस. मशीन चालू केलं की माल बाहेर, मग द्राक्षं काय आणि धबधबा काय.

हरकत घेतली आईने, तीही भलत्याच मुद्द्यावर. "त्या मुलखात द्राक्षांची दारू काढत्यात म्हणं. आन् नवरा-बायको दोघंच जायचं म्हंजी लोक काय म्हनतील? शालनला न्या संगं." दादाने माझ्याकडे पाहिलं. मी एकोणीस वर्षांची घोडी. "मला नाही यायचं" एवढं म्हणायला काही जीभ झडली नसती. पण मी कधी चाकणच्या पुढे गेले नव्हते. मी पिशवी भरायला घेतली. माझी वेणी सुटली होती, ती वहिनीने बसून घालून दिली.

नाशिक फाट्यावर एसटी मिळाली. मला गाडी लागते म्हणून खिडकी माझी. माझं डोकं धरायला वहिनी शेजारी. तिच्यापलीकडे एक आजोबा येऊन बसले, म्हणून दादा पार मागच्या बाकावर, कुणाच्यातरी कोंबड्यांच्या पाटीजवळ. संगमनेरपर्यंत मी तीनदा गाडी थांबवायला लावली. गोष्ट सांगताना इथे मी कंडक्टरची नक्कल करते, आणि लोक लोळतात. वहिनीही पदर तोंडाला लावून हसायची. तिच्या सहलीतला तो पहिला दिवस होता, हे मात्र कुणी म्हणायचं नाही. मीही नाही.

मळ्यावर पोहोचलो तर वेली छाटलेल्या. नुसती खोडं आणि तारा. निवृत्तीच्या आईने कपाळावर हात मारला. "आरं लेकरांनो, द्राक्षं तर चैतात उरकली की. आता काय पाला खाता?" तिने बेदाणे आणून ठेवले. दादा एकेक बेदाणा असा चावत होता, जणू कंपनीने नापास करून परत पाठवलेला माल.

दुसऱ्या दिवशी टांग्याने सोमेश्वर. मोठे काळे कातळ, त्यांच्यात साठलेलं हिरवं पाणी आणि एका कडेने बोटाएवढी धार. दादा त्या धारेकडे बघत म्हणाला, "शालन, तिला सांग, पावसाळ्यात मोठा असतो म्हणे." आणि चहाची टपरी कुठे दिसते का ते बघायला गेला. चुकलेला माणूस नेहमी चहा शोधायला जातो.

वहिनी कातळावर बसली होती. मी म्हटलं, "वहिनी, अगदीच फसलो की आपण." ती म्हणाली, "मला ठावं हुतं."

"काय ठाऊक होतं?"

"वन्सं, मी शेतकऱ्याची लेक हाय. वैशाखात कुठं द्राक्षं ऱ्हात्यात, आन् कुठं पानी ऱ्हातं?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलली असती तर ह्ये म्हनले असते, पावसाळ्यात जाऊ. पावसाळ्यात रजा घावत न्हाई." त्या धारेकडे बघत ती म्हणाली, "पानी बघायला कोन आलंय…"

ती हे रागाने म्हणाली नाही. माझ्याकडे बघूनसुद्धा म्हणाली नाही. पण मला एकदम कळलं की मी कुठे बसले आहे. दादा चहा घेऊन आला तेव्हा मी मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, "माझे पाय दुखतात. तुम्ही दोघं पलीकडे जाऊन या." दोघं गेली. आधी एकमेकांपासून चार हात लांब, मग दोन हात. पुढे कातळ निसरडे होते. वहिनीने चपला काढल्या आणि दादाने त्या उचलून आपल्या हातात घेतल्या. आईसमोर स्वतःचं ताटही न उचलणारा माझा भाऊ बायकोच्या चपला घेऊन चालला होता, आणि थेट तिच्याशी बोलत होता. काय ते ऐकू येत नव्हतं. ती मान मागे टाकून हसली.

तेवढ्यात माझ्या पिशवीवर माकड आलं. एकच, लहानसं. पिशवी सोडून दिली असती तर भाकरी गेली असती, दुसरं काही नाही. मी "दादा" म्हणून अशी किंचाळले की दोघं कातळांवरून ठेचकाळत धावत आली. मग मी रडले. मग मला एकटीला ठेवायचं नाही असं ठरलं. परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं.

यानंतर ती दोघं कुठे गेली नाहीत. मुलं झाली, कंपनीत संप झाला, आई अंथरुणाला खिळली. माझं लग्न होऊन मी तळेगावला आले, आणि दर उन्हाळ्यात टुमणं लावायची, "आता तरी जा, मुलांना मी ठेवून घेते." वहिनी म्हणायची, "बगू." मी हे चांगुलपणाने विचारायची असं मला वाटायचं. खरं तर त्या माकडाचं ओझं मला उतरवायचं होतं, आणि तेही तिच्याच खर्चाने.

मागच्या आठवड्यात दादाकडे राहायला गेले होते. तो पुन्हा कामावर जायला लागला आहे. सेकंड शिफ्ट होती, आणि तो तासभर आधीच डबा पिशवीत घालून निघाला. म्हटलं, "इतक्या लवकर कुठं?" तो उंबऱ्यापाशी थांबला. मागे न वळता म्हणाला, "सवय आहे." आणि मग, दादाच्या मानाने फारच, बोलला. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तो असा लवकर निघायचा. वहिनी मागून दळणाचा डबा घेऊन निघायची. कंपनीच्या अलीकडे नदीकडे उतरायला एक वाट आहे, तिथे चिंचेखाली दोघं बसायची. इतकी वर्षं.

मला आठवलं, आई कुरकुरायची, "ह्या पोरीला गिरनीत कायम गर्दीच कशी गावती?"

"काय करायचात तिथं?" मी विचारलं. असलं विचारणारी मीच.

"काय करणार. ती बोलायची." दादाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "घरात कुठं बोलायचं, शालन?"

तो हे कुणाला दोष द्यायला म्हणाला नाही. घरात सगळीकडे आम्ही होतो, एवढंच. नाशिकलाही होतो. मी आजवर त्यांच्या बुडालेल्या एका सहलीची हळहळ करत होते. त्यांनी आम्हाला चुकवून किती जपून तास काढले, ते मला आता कळलं… आणि हलकं वाटायच्या ऐवजी उलटच झालं.

दादा पायरी उतरला. उन्हात तो एकटाच नदीकडे जाणार, हे माझ्याच्याने बघवेना. मी पदर खोचून उठले, "थांब, मी पण येते" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मग मी दाराची कडी धरून उभी राहिले, आणि तो वळणाआड जाईपर्यंत काहीही बोलले नाही.