मागची डावी कडी

महामार्गावर पोकलेन लादलेला ट्रेलर दिसला की ती घटना आजही आठवते आणि, खोटं कशाला बोलू, छाती जरा फुगतेच.

तेव्हा मी धुळे जिल्ह्यात ठाणेदार होतो. शिरपूरकडच्या एका अक्कांनी पोकलेन चोरीची फिर्याद दिली होती. नवरा पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला, घर चालायचं ते त्या एकाच यंत्रावर. अक्का रोज सकाळी ठाण्यात यायच्या. रडणं नाही, आरडाओरड नाही. "सापडनं का, साहेब?" एवढंच विचारायच्या.

एका दुपारी खबऱ्याचा फोन आला. महामार्गालगतच्या एका आवारात ताज्या रंगाचं पोकलेन ट्रेलरवर चढवलंय, माल राज्याबाहेर चाललाय. आम्ही पोहोचलो तेव्हा साखळ्या बांधायच्या तेवढ्या बाकी होत्या.

मालक म्हणवणारा गडी मोठा तयारीचा. कागद पुढे केले. यंत्रावरचा नंबर घासलेला होता, तर म्हणाला, "जुनं मशीन आहे साहेब, झिजतंच. उगाच गरिबाला त्रास देता!" चोराच्या उलट्या बोंबा! तासभर विचारपूस केली, पण पठ्ठ्या ताकास तूर लागू देईना.

मग अक्कांना बोलावून घेतलं. त्यांनी लांबूनच यंत्र पाहिलं. "हाईच शे."

"अक्का, कशावरून?"

त्या हळूच म्हणाल्या, "मागली डावी कडी तुटेल शे. वरथीन जोडेल शे, पन ताण धरत नही."

नवऱ्याबरोबर साखळ्या बांधायला त्याच असायच्या. त्यांचं म्हणणं मी आधी दोन पंचांसमोर लिहून घेतलं. पोलिसाने घाई करायची ती धावताना, पंचनाम्यात नाही.

मग त्या गड्याला म्हटलं, "यंत्र ठाण्यात न्यायचंय. तुमचंच आहे ना? मग बांधा."

आम्ही सगळे मागे सरकलो. त्याने ऐटीत यंत्राच्या चारही कोपऱ्यांच्या कड्यांत साखळ्या अडकवल्या. मागच्या डावीकडची साखळी आवळायला घेतली आणि पहिल्याच ताणाला कडी निखळून खाली पडली. नव्या पिवळ्या रंगाखाली जुना गंजलेला जोड उघडा पडला. पंच एकमेकांकडे बघू लागले. गड्याची पाचावर धारण बसली. संध्याकाळपर्यंत त्याने साथीदारांची नावंही सांगितली.

अक्का मात्र तोवर थांबल्या नाहीत. पदर खोचून ट्रेलरवर चढल्या, साखळी कडीऐवजी यंत्राच्या लोखंडी चालपट्ट्याच्या चौकटीतून ओवली, खाली गोणपाट सरकवलं आणि अंगाचा सगळा भार टाकून ती ओढून पाहिली. आमच्या हवालदाराने तर टोपीच काढली.

खाली उतरून म्हणाल्या, "ती कडी माले द्या."

"अक्का, ती आता मुद्देमाल झाली."

"वा रे वा! चोर तिनीच धरा, अन् तिलेच अटक?"

पोलिसांच्या घोळक्यात तेवढा हशा मी पुन्हा ऐकला नाही. पुढे न्यायालयाच्या आदेशाने यंत्र सुपुर्दनाम्यावर त्यांना परत मिळालं.

नोकरीत बक्षिसं मिळाली, पण अभिमान या तपासाचा जास्त. चोराला वस्तूची किंमत ठाऊक असते, तिचं दुखणं धन्यालाच ठाऊक असतं. त्यानंतर मी फिर्यादीला "वस्तू कितीची?" हे नंतर विचारायचो. आधी विचारायचो, "ती बिघडते कुठे?"