पतंगाला फुगवटा नसतो

विमान कसं उडतं हे ज्याला माहीत नाही, असा माणूस मला अजून भेटायचा आहे. इंदिरानगरात तर नाहीच. आमच्या सोसायटीची लिफ्ट महिन्यातून दोनदा मधल्या मजल्यावर अडकते आणि ती का अडकते हे कुणाला म्हणून सांगता येत नाही. पण विमानाचं विचारा, शाळकरी पोरापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे तयार असतात. "पंख वरून फुगीर असतो, खालून सपाट. म्हणून वरच्या हवेला जास्त अंतर कापावं लागतं. खालच्या हवेला गाठायला ती जोरात पळते. पळाली की दाब कमी. झालं, विमान वर!" एवढं बोलून माणूस चहाचा कप उचलतो.

मी जन्मभर ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. पाठ केलेलं अज्ञान मला लांबूनच ओळखू येतं. वरच्या हवेने खालच्या हवेला कशासाठी गाठायचं, एवढाच माझा साधा प्रश्न असतो. पंखाच्या टोकाशी भेटायचं वचन दिलंय का त्यांनी एकमेकींना? मुहूर्त टळणार आहे कुणाचा? वरची हवा जोरात जाते हे खरं, पण ती इतकी जोरात जाते की खालचीच्या आधीच पलीकडे पोचते. भेट होतच नाही. आणि फुगवट्यामुळेच विमान उडत असेल, तर कसरतीत ते उलटं कसं उडतं? यावर लोक म्हणतात, "मॅडम, तुम्ही फार खोलात जाता." खोलात जाणं हा आपल्याकडे दोष आहे.

या सगळ्यांचे मुकुटमणी आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचं द्वारका चौकात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. निफाडकडच्या एका गावातली त्यांची भाची पायलट व्हायला निघाली, तेव्हा तिने नुसता फ्लाइंग क्लबात प्रवेश घेतला होता, तरी गावच्या चौकात फ्लेक्स लागला: 'गावची पहिली वैमानिक'. त्यावर पोरीचा फोटो पासपोर्टएवढा आणि मामांचा, गॉगल लावलेला, दारासारखा. मोबाइलवर तो फोटो त्यांनी मला जिन्यात थांबवून दाखवला होता. मी म्हटलं, "विमान कोण चालवणार आहे, तुम्ही की ती?" ते हसले. त्यांना वाटलं मी कौतुक केलं.

गेल्या जानेवारीत, संक्रांतीच्या चार दिवस आधी, मामा त्या भाचीला घेऊन माझ्या दारात उभे राहिले. मुलगी काटकुळी, डोळे सुजलेले. "अकरावीला तुमच्याच वर्गात होती," मामा म्हणाले. असेल. वर्गात शंभरावर डोकी असायची आणि त्यातली आठवण्यासारखी फार थोडी. मी तिला बसायला सांगितलं आणि मामांना जायला.

मामांची पाठ वळल्यावर तिने सांगितलं ते असं. विमान उतरवताना धावपट्टीच्या अलीकडेच खाली बसतंय असं वाटलं की ती घाबरून नाक वर ओढायची. नाक वर केलं की विमानाचा वेग पडायचा, धोक्याचा भोंगा वाजायला लागायचा आणि शेजारी बसलेले इन्स्ट्रक्टर कंट्रोल आपल्या हातात घ्यायचे. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा ते ओरडले, "तू स्टॉल करत होतीस!" तर ही म्हणाली, "सर, इंजिन तर चालू होतं." सगळा क्लब हसला. तेव्हापासून तिथे तिचं नावच 'इंजिन चालू' पडलं होतं. अकरा दिवसांनी मोठे इन्स्ट्रक्टर तिची शेवटची चाचणी घेणार होते. जमलं तर पुढे. नाही तर सामान बांधून घरी.

"घरी कशी जाऊ मॅडम? चौकात फ्लेक्स हाय अजून," ती म्हणाली आणि रडायला लागली.

रडणं मला आवडत नाही, पण हसणाऱ्यांचा त्याहून जास्त राग आला. हसायला अक्कल लागत नाही. तिची चूक ही आपल्याकडे वाढलेल्या कुणाचीही झाली असती. आपल्याकडे स्टॉल दोनच: एक मिसळीचा आणि दुसरा द्वारकेच्या सिग्नलला स्कूटर मधेच बंद पडते तो. विमानाचा स्टॉल इंजिनाचा नसतो, पंखाचा असतो, इंजिन चालू असतानाच पंख उचलायचं सोडून देतो, हे त्या पोरीला कुणी धड सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. तिने डोळे पुसले, विचार केला आणि म्हणाली, "पण मॅडम, नाक वर केलं म्हणून पंखाचा आकार थोडाच बदलतो? फुगवटा तर तसाच राहतो. वरची हवा लांबून जायची ती जाणारच. मग पंख मधेच कसा सोडून देईल?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. पोरगी मूर्ख नव्हती. एका चुकीच्या वाक्यावर तिने मनापासून विश्वास ठेवला होता आणि तिथून पुढे तर्क अगदी बिनचूक केला होता. त्या वाक्यात स्टॉलला जागाच नाही. लोक म्हणतात, चुकीचं असलं तरी त्याने कुणाचं काय बिघडतं. हे बिघडतं. जमीन जवळ येत असताना ही पोरगी नाक वर ओढत होती, कारण पंख सोडून देऊच शकत नाही असं तिला शिकवलं गेलं होतं.

"कोणत्या गाढवाने शिकवलं हे तुला?" मी विचारलं.

तिने खाली मान घातली.

"कुठल्या क्लासला जात होतीस?"

"द्वारकेला होता एक," ती पुटपुटली.

वाटलंच होतं. खाली झेरॉक्स, वर क्लास, मधल्या जिन्यात चपलांचा ढीग. तिथे फळ्यावर उत्तर लिहून देणारे मास्तर मी जन्मभर पाहिले आहेत. त्यांना विषयाशी देणंघेणं नसतं. प्रश्न आला की हे उत्तर, उत्तराला दोन मार्क, विषय संपला. मी तिला म्हटलं, "वही जपून ठेवलीस का? आण मला उद्या. त्या महाभागाचं अक्षर तरी बघू दे." ती म्हणाली, मामांच्या माळ्यावर असेल, बघते.

दुसऱ्या दिवशी चारला ती आली, वही आली नाही. मी तिला गच्चीवर नेलं. पाण्याच्या टाकीच्या पाइपात एक कटलेला पतंग अडकून पडला होता. तो सोडवून मी तिच्यासमोर धरला आणि विचारलं, "हा कागद. वरची बाजू, खालची बाजू, दोन्हींची लांबी तीच. याला फुगवटा कुठे आहे? मग हा उडतो कसा?" माझ्यावर मी खूष होते. इतकं साधं उदाहरण कुणाला सुचलं नव्हतं. तिने पतंगाकडे बघून मग माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली. मला वाटलं, पोरगी थक्क झाली.

मग मी तिला सांगितलं. पतंग वाऱ्याला तिरका अडवतो आणि खाली वळवतो. पतंगाने वाऱ्याला खाली ढकललं की वारा पतंगाला वर ढकलतो. पंखाचंही तेच. तो पुढून येणाऱ्या हवेला खाली वळवतो, पोटानेही आणि पाठीनेही, पाठीने जास्त. पाठीला चिकटून हवा वळते तिथे दाब कमी होतो, हेही खरं. ती याच गोष्टीची दुसरी बाजू. फुगवटा बिनकामाचा नाही. पाठीवरच्या हवेला न तुटता वळता यावं म्हणून तो दिलेला असतो. पण पंखाला उचलतो तो मुख्यतः कोन, येणाऱ्या वाऱ्याशी पंखाचा कोन. तो वाढवला की उचल वाढते, एका हद्दीपर्यंत. साधारण पंधरा अंशांच्या पुढे गेलात की पाठीवरच्या हवेला इतकं वळणं जमत नाही, ती पंखाला सोडून जाते. मग त्या पंखात आणि फळीत फार फरक उरत नाही. इंजिन मग कितीही गुरगुरू दे.

"आणि हा कोन जमिनीशी नाही, वाऱ्याशी मोजायचा," मी म्हटलं. "विमान खाली येत असतं तेव्हा हवा समोरून थोडी खालून येते. नाक सरळ दिसतं आणि कोन वाढलेला असतो."

"म्हणजे नाक फार वर नसलं तरी स्टॉल होतो?"

"होतो. आणि तुझा तसाच होत होता."

पतंगाला दोन पायांचा दोरा बांधतात, कन्नी, ती तुटली होती. मला काही बांधता येईना. तिने माझ्या हातातून पतंग घेतला, दोन भोकं पाडली, अंगठ्याने माप घेतलं आणि दोन मिनिटांत कन्नी तयार. तिचं आजोळ येवल्याचं, तिथे संक्रांतीला बायकाही गच्चीवर असतात. मी म्हटलं, "आता वरचा दोरा मुद्दाम लांब ठेव." तिने ठेवला. पतंग वाऱ्यासमोर छाती काढून उभा राहिला, थरथरला आणि मागे कलंडून टाकीवर आदळला. मग तिने वरचा दोरा आखूड केला आणि तोच कागद त्याच वाऱ्यात सरळ वर चढला. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा काहीतरी हललं.

"भोंगा वाजला की तू काय करतेस?" मी विचारलं.

"ओढते."

"आणि पतंग ताणाने फाटायला आला की?"

"ढील देते," ती म्हणाली आणि थांबली. "मंग कंट्रोलला बी ढीलच द्यायची?"

पतंगाची ढील आणि विमानाची ढील एक नव्हे, हे मी तिला बजावलं. पण शब्द तिच्या हाताला कळला होता. पुढचे दिवस रोज चारला जेवणाच्या टेबलावर स्टीलची पट्टी हे आमचं विमान. भोंगा मी तोंडाने वाजवायची. या वयात तेही केलं. भोंगा वाजला की ढील, नाक खाली, वेग येऊ दे आणि सोबत इंजिनाचा जोर. धावपट्टीच्या अलीकडे बसतोय असं वाटलं तर नाकाला हात नाही, आधी जोर. पन्नासदा, शंभरदा.

मधेच एकदा मामा वर आले आणि म्हणाले, "मॅडम, एवढं खोलात नका जाऊ. पास होण्यापुरतं सांगा." मी त्यांना अक्षरशः हाकललं. पास होण्यापुरतं! हवेत उभ्या असलेल्या पोरीला पास होण्यापुरतं! असल्या माणसांनीच शिक्षणाचं वाटोळं केलं, असं मी दार लावून तिला सुनावलं. तिने पट्टी उचलली आणि म्हणाली, "मॅडम, परत एकदा करू?"

वहीचं मी रोज विचारत होते. आज आणलीस का? कोणत्या गाढवाने शिकवलं, नाव तरी सांग. रोज तीच खाली मान.

शेवटच्या दिवशी बसला निघताना ती पाठीवर बॅग घेऊन आली. नमस्कार केला, तपकिरी कव्हरची वही टेबलावर ठेवली. "तुम्ही रोज विचारत होता म्हणून," म्हणाली आणि झपझप जिना उतरून गेली.

मी चष्मा लावला. लाल पेनही घेतलं. मास्तराचं उत्तर तपासायची खुमखुमी होती. पान सापडलं. 'पंखाचा वरचा पृष्ठभाग फुगीर असल्याने वरील हवेस अधिक अंतर कापावे लागते.' जसंच्या तसं. समासात पेन्सिलीने एक छोटा पतंग काढला होता आणि खाली लिहिलं होतं: 'पतंगाला फुगवटा नसतो. मग?' त्याच्याखाली लाल शाईत शेरा होता: 'पतंग पेपरला नाही. उत्तर पाठ करावे.' शेऱ्याखाली सही. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळवून नावाखालून नेलेली. पेन्शनच्या कागदांवर मी अजून तशीच करते.

मला तेव्हा माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. उत्तर चूक आहे हे मला माहीत होतं. गाइडात तसं होतं, त्याला दोन मार्क मिळायचे, तास संपत आलेला असायचा आणि वर्गात शंभर पोरं असायची. पास होण्यापुरतं सांगत होते. पतंगाचं उदाहरणसुद्धा माझं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली आणि ती सांगायला घरात कुणी नव्हतं. लाल पेनला टोपण लावून ठेवलं.

दोन दिवस मी तिला फोन केला नाही. काय म्हणणार होते? तिसऱ्या दिवशी, चाचणीच्या दिवशी, सकाळपासून कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकत होते. अकराच्या सुमारास फोन आला.

"मॅडम, झालं. पास!" मागे वाऱ्याचा आवाज होता. "सरांनी वर नेऊन मुद्दाम स्टॉल करायला लावला. भोंगा वाजला, मी ढील दिली. उतरताना खाली बसत होते, तर नाकाला हात नाय लावला, आधी जोर दिला. खाली आल्यावर त्यांनी विचारलं, इंजिन चालू असताना पंख का सोडतो? मी पतंगाचं सांगितलं. मग ते म्हणले, हे कुणी शिकवलं तुला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी लगेच तुमचं नाव सांगितलं," ती म्हणाली.

हाच प्रश्न मी तिला आठ दिवस रोज विचारला होता, आणि आठही दिवस तिने ते नाव सांगितलं नव्हतं.