थोरलीच्या हातचे टाके

धाकटीच्या घरी जाताना लोक चांगला शर्ट घालून जात नसत. ही बाई बोलता बोलता तुमच्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून चोळून बघणार आणि "फाटला की मला द्या हं" म्हणणार. तेही अशा आशेने, की शर्टाने जरा लवकर मनावर घ्यावं. नवऱ्याची एक खाकी पँट तर चांगली धडधाकट असताना गोधडीत गेली. तो बिचारा महिनाभर कपाटं उपसत होता, आणि रोज रात्री तीच पँट पांघरून झोपत होता.

साठी ओलांडली तरी गल्लीत तिला सगळे धाकटीच म्हणत, कारण तिची जाऊ थोरली होती. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला बटणसुद्धा लावता येत नव्हतं. थोरलीने तिला समोर बसवून हातात सुई दिली. धाकटीचे पहिले टाके असे पडले, की नवऱ्याने विचारलं, "हे मांजरीने केलं का?" थोरली मात्र हसली नाही. "असू दे," ती म्हणाली, "घातलेला टाका उसवायचा नाही. पुढचा नीट घाल."

तेव्हापासून चाळीस वर्षं दोघी अशाच शिवत आल्या. गोधडी जमिनीवर अंथरायची, समोरासमोरच्या काठांवर बसायचं, आणि धावदोरा घालत मधोमध यायचं. आधी पोचेल तिने टाके मोजत बसायचं नाही, चहा टाकायचा. थोरलीचा टाका गव्हाच्या दाण्याएवढा, धाकटीचा तांदळाएवढा. जाणकाराला गोधडी लांबून बघूनही कळे, कुठली बाजू कुणाची ते.

आणि मग वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरायचं ठरलं. प्रदर्शनाच्या बाई गोधड्या निवडायला घरी आल्या. चार लहान निवडल्या. पाचवी मोठी निळी होती. नर्सच्या कोटाचे, ड्रायव्हरच्या शर्टाचे, शाळेच्या जुन्या पडद्यांचे निळे तुकडे त्यात होते, एकाशेजारी एक मावळत गेलेले. बाई डाव्या बाजूला थांबल्या आणि म्हणाल्या, "सुंदर." मग उजवीकडे सरकल्या आणि म्हणाल्या, "हं." शेवटी म्हणाल्या, "ही मधोमध लावू." पण धाकटीच्या कानात राहिलं ते "हं".

उजवी बाजू थोरलीची होती. वर्षभरात तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि हातही थोडा कापत होता. ओळी कुठे चढत, कुठे उतरत. एखादा टाका बोटाच्या पेराएवढा पडे. धाकटीला हे सगळं दिसत होतं आणि ती मूग गिळून बसली होती. थोरली ऑपरेशनसाठी मुलीकडे निघाली तेव्हा बजावून गेली, "दोऱ्यांची टोकं आत घाल, नि माझ्या बाजूवरून जरा इस्त्री फिरव. चारचौघांत लाज नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने टोकं आत घालायला घेतली. काठाजवळची एक ओळ फारच घसरलेली होती. तेवढी एकच उसवू, तिने ठरवलं. ती उसवल्यावर तिच्या शेजारची जास्त वाकडी दिसायला लागली. दुपारी नवरा जेवायला हाक मारायला आला, तोवर उजवी बाजू सगळी मोकळी झाली होती आणि धाकटीच्या मांडीवर निळ्या दोऱ्यांचा गुंता पडला होता. तो तिने मुठीत गोळा केला आणि केराच्या डब्यात टाकला. टाकल्यावर डब्याचं झाकण तिने उगाचच दोनदा दाबलं.

सुईची जुनी भोकं बुजवायला तिने कापडावर पाणी शिंपडून नखाने घासलं. मग शिवायला बसली, तर नवीच अडचण. स्वतःचा तांदळाएवढा टाका घातला तर चोरी लगेच पकडली जाणार. म्हणून तिने कपाटातून वीस वर्षांपूर्वीची गोधडी काढली, थोरलीची बाजू शेजारी अंथरली आणि ते गव्हाएवढे टाके बघून बघून उतरवायला लागली. पहिले दोन दिवस हात ऐकेना. चौथ्या दिवशी ऐकायला लागला, आणि त्याचा तिला आनंद झाला. त्या आनंदाची तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"ताईंच्या बाजूला काय करतेस?" नवऱ्याने विचारलं.

"टोकं आत घालतेय."

"सहा दिवस टोकंच?"

तिने सुईत नवा दोरा ओवला. त्याने पुढे विचारलं नाही; त्याच्या अंगावर त्याची शेवटची खाकी पँट होती.

आठवड्याने थोरलीचा फोन आला. "धाकटे, पट्टी निघाली! भिंतीवरची मुंगी दिसते ग मला!" धाकटीने आनंद झाल्यासारखा आवाज काढला. जिला आईसारखं मानलं तिला दिसायला लागलं, आणि आपण घाबरतोय! इतकी हलकी बाई आपण कधी झालो, असं तिला वाटलं. तिने ठरवलं, गोधडी दिसायच्या आत सांगून टाकायचं.

पण थोरली बसमधून उतरली ती सरळ हॉलवरच आली. जिन्यात धाकटी म्हणाली, "ताई, एक सांगायचंय." थोरली म्हणाली, "आधी बघू दे," आणि कठड्याला धरून भराभरा वर गेली.

निळी गोधडी मधल्या भिंतीवर टांगली होती. थोरली उजव्या बाजूसमोर उभी राहिली आणि काळा चष्मा काढून ओळीओळीने बघत गेली. मग तिने बाहीनेच डोळे टिपले.

"मला वाटलं होतं, मी वाट लावली असणार," ती म्हणाली. "काही म्हणजे काही दिसत नव्हतं ग. नुसती अंदाजाने सुई घालत होते. दवाखान्यात पडल्या पडल्या तेच डोक्यात. ठरवलं होतं, आज बघायचं, आणि वाईट असेल तर सुई कायमची ठेवून द्यायची. आणि बघ! हात गेला नाही माझा."

तेवढ्यात प्रदर्शनाच्या बाई आल्या. "ही बाजू तुमची? फार जिवंत टाका आहे हो." थोरलीने शाळेतल्या मुलीसारखी मान हलवली. "पुढच्या वर्षी माझी एकटीची घ्या," ती म्हणाली. "अख्खी देते." बाईंनी लगेच वहीत लिहून घेतलं आणि त्या पुढच्या लोकांकडे गेल्या.

आता गप्प राहिलं तर जन्मभर गप्प राहावं लागेल, हे धाकटीला कळलं. आणि पुढच्या वर्षी थोरली घरी बसून, त्याच लख्ख डोळ्यांनी, स्वतःचा टाका बघणार होती.

"ताई, हे टाके तुमचे नाहीत. मी घातलेत. तुमचे उसवले."

थोरलीने तिच्याकडे बघितलं, मग गोधडीकडे, मग परत तिच्याकडे. "सगळे?"

"सगळे."

"फार वाकडे होते?"

"होते."

"दोरे ठेवलेस?"

"टाकले."

थोरलीने चष्मा घालायला घेतला आणि अर्ध्यावरच हात थांबला. "म्हणजे मी कसं शिवलं होतं, ते मला आता कधी दिसणारच नाही." ती रागावली नव्हती, आणि तेच धाकटीला सोसवेना. राग आला असता तर पाय धरता आले असते. "दाखव तरी," थोरली म्हणाली. "कशा गेल्या होत्या ओळी?"

धाकटीने बोट वर केलं. "ही इथून निघाली, तिथे खाली उतरली, मग एकदम वर..." हवेत तिचं बोट चढत होतं, उतरत होतं, कापत होतं. दोन बायका मागे उभ्या राहून पुढे यायची वाट बघत होत्या. थोरली त्या बोटावरून नजर न काढता म्हणाली, "हळू. नीट बघू दे मला."