अर्झकी घरी नव्हता

अल्जियर्सच्या त्या जुन्या पाच मजली इमारतीच्या गच्चीवर, कपडे धुण्याच्या खोलीत, अर्झकी रंगारी एकोणीस वर्षं राहत होता. खोली आपली म्हणायची. पाय पसरले की दार लागत नसे. गच्चीवरच्यांना पक्की घरं द्यायचं सरकारने ठरवलं आणि त्याच्या जिवाला घोर लागला. यादी करणारे कधी येणार ते सांगणार नाहीत. आले आणि तुम्ही जागेवर नसलात, तर तुम्ही तिथे राहतच नाही! ज्याला घर नाही त्यानेच घरी बसून राहायचं, ही कुठली अक्कल? आणि पोटाचं काय? भिंती चाटायच्या?

तरी बिचारा बारा दिवस हलला नाही. हातातली कामं गेली. खालच्या मजल्यावरची ऊर्दिया मावशी भाकरी घेऊन चढायची आणि वर टोमणा मारायची, "नव्या नवरीसारखा बसलायस रे! मेंदी आणू का?"

तेराव्या दिवशी चौथ्या मजल्यावरचे हाजी तय्यब वारले. एकोणीस वर्षं अर्झकी त्यांच्याच नळाचं पाणी भरत होता. जिना अरुंद, खांद्याला माणसं कमी. अर्झकीने दाराला कुलूप लावलं आणि खाली उतरला.

कबरस्तानातून सगळे परतले तर यादी करणारा साहेब गच्चीवर हजर!

"लिहा, माझं नाव अर्झकी," अर्झकी धापा टाकत म्हणाला.

"आम्ही आलो तेव्हा कुलूप होतं. तुम्ही इथेच राहता असं शेजाऱ्याने सांगितलं तर लिहितो."

सगळ्यांनी हाजींच्या मुलाकडे, नसीमकडे पाहिलं. स्वतःचं वेगळं घर नाही म्हणून त्याचं लग्न चार वर्षं अडलेलं.

नसीम मान खाली घालून म्हणाला, "खोली आमची आहे. मीच झोपतो तिथे. हे काका येतात अधूनमधून."

"अरे मेल्या! तुझ्या बापाला आत्ता खांदा दिलाय मी!" अर्झकी ओरडला. "मावशी, तू तरी सांग ना!"

मावशीचं तोंड उघडलं आणि मिटलं. बाप पुरून आलेल्या पोराला सगळ्यांदेखत खोटं कोण पाडणार?

साहेबाने नसीमचं नाव लिहिलं. "कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा. उद्या ऐकणार नाही."

मावशीने अर्झकीचा दंड धरला. "आज नको रे बाबा," ती कुजबुजली, "घरात मयत झालंय. उद्या बोल."