देवीपुढची चूल

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होतो. चाकणच्या चौकात कांद्याचे ट्रक आडवे पडले होते आणि मला राग आला... ट्रकांचा नव्हे, ताईंचा. गुरुवारी गुहेत जायचं ठरलं होतं आमचं!

वसुधाताई माझ्या शेजारी. पुरातत्त्व शिकवून निवृत्त झाल्या, पण स्वस्थ बसणं ठाऊक नाही. गुरुवारी मला सुट्टी, की निघाल्याच माझ्या मोटारसायकलवर मागे बसून. डोंगरातल्या त्या गुहेत गावाची देवी, म्हणजे शेंदूर फासलेला तांदळा, नाकडोळे नसलेला नुसता दगड. तिच्यापुढे अश्मयुगातल्या माणसांची चूल होती. मातीची कड ढासळली तिथे काळी राख, जळकी हाडं आणि गारगोटीच्या नखाएवढ्या पात्या दिसायच्या. रीतसर उत्खनन होईपर्यंत तिथला कणही हलवायचा नाही, हा ताईंचा दंडक.

आणि जत्रेआधी गावाने तिथे फरशी बसवायची ठरवली. आम्ही पोचलो तेव्हा कुदळी आत आल्या होत्या. ताई सरळ चुलीला खेटून मांडी घालून बसल्या.

"उठा बाई," फरशी देणारे दामूअण्णा म्हणाले, "देवीचं काम हाय."

"अण्णा, हे हजारो वर्षांपूर्वीचं..."

"आमची देवी त्याच्याबी आधीची हाय!"

मागे आवाज चढले. एकाने कुदळ उचलली. आयुष्यभर दगडाला दगडच म्हणणाऱ्या ताई एकदम म्हणाल्या, "ही देवीची चूल आहे. चूल उकरून फरशी घालणार?"

कुदळ खाली ठेवली गेली. अण्णा वाकले. "आधी सांगायचं न्हाई व्हय!" म्हणत त्यांनी चिमूटभर राख उचलली आणि कपाळाला लावली. त्यांच्यामागे सगळ्यांचेच हात पुढे आले. ताईंचा चेहरा पांढराफटक. फरशी टळली, अंगारा सुरू झाला... आगीतून फुफाट्यात!

मग ताईंनी युक्ती काढली. पायथ्याला अण्णांचंच घर. तिथल्या काकूंकडून स्वयंपाकाच्या चुलीतली राख गुपचूप आणायची, पितळी वाटीत घालून देवीपुढे ठेवायची. लोक वाटीतली राख घेत, चूल वाचे. वाटी रिकामी राहिली तर काय, याच धास्तीत त्या असायच्या.

त्या गेल्यावर मी एकटा डोंगर चढलो. चुलीच्या जागी खड्डाच दिसणार, अशी मनाची तयारी केली होती. पण चुलीभोवती दोरी बांधलेली, राख जशीच्या तशी, आणि शेजारी दामूअण्णा वाटी भरत होते.

"आमच्याच घरची राख," ते हसले. "आमाला पहिल्यापास्नं ठावं हाय. चूल कुणाची का असंना, बाई तिच्यासाठी बसल्या. आता आमी बसतो."

आमच्या घरात अंगारा लावायची रीत नाही. मी नुसती वाटी हातात घेतली. अजून गरम होती.