सतरा नंबरचा दगड

सर्व्हिस मोटार त्या वळणावर कलंडली तेव्हा मी आत होते. दुसऱ्या बाकावर, मांडीवर परीक्षेच्या पेपरांचं गाठोडं घेऊन. श्रावणातलं धुकं होतं. समोरून बैलगाडी आली, ड्रायव्हरनं मोटार कडेला घेतली आणि कड संपलेली होती. गाडीवानाचा एक बैल जागच्या जागी गेला. माझं डावं मनगट मोडलं. बाकीचे खरचटण्यावर सुटले.

"कडच दिसली न्हाई, बाई," मला बाहेर ओढून काढताना ड्रायव्हर पुन्हा पुन्हा सांगत होता. माझा विश्वास बसला नाही. चूक केलेला माणूस न विचारता खुलासा देतो, हे मुलींच्या शाळेत इतकी वर्षं शिकवून मला पाठ झालं होतं. म्हणून पंधरा दिवसांनी, हात गळ्यात बांधलेला असताना, मी भोरहून भाटघरच्या बाजूला त्या वळणापर्यंत स्वतः चालत गेले. तो खरं बोलत होता. मुरमाचा रस्ता, तसल्याच रंगाची माती, कडेचे दगड शेवाळानं काळे. रस्ता कुठं संपतो आणि उतार कुठं सुरू होतो हे उन्हातसुद्धा नीट कळत नव्हतं.

वाचनालयात बैठक झाली. एक वकील, दोन ड्रायव्हर, गाडीवानांतला एक जाणता माणूस, आणि मी.

"बैलगाड्यांना मागं कंदील लावा," ड्रायव्हर म्हणाला.

"आन राकेल तुजा बा घालनार? तू वळणावर भोंगा वाजव की आधी," गाडीवान उसळून म्हणाला.

"वाजवला तर तुमचे बैल बुजतात."

"भोंग्याला न्हाई बुजत. तुज्या तोंडाला बुजत्यात."

वकिलांनी टेबलावर हात आपटला. शेवटी तीन गोष्टी ठरल्या. गाडीला मागं कंदील, वळणावर भोंगा, आणि वळणाच्या कडेच्या दगडांना चुना, म्हणजे धुक्यातही कड दिसेल. कंदील आणि भोंगा ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडावे लागले. चुना माझ्याकडे आला, कारण चुन्याला यादी लागणार होती.

यादी माझ्या हातची. घरात धुण्याची यादी, वाणसामानाची यादी, लोणच्याच्या बरण्या कधी भरल्या त्याची यादी. चुना एका पावसात उडतो, तेव्हा तो वर्षातून दोनदा द्यायला हवा, आणि तो कोण देणार हे आधीच ठरलेलं हवं. मी वळणाला लागून असलेल्या वस्तीतली घरं लिहून घेतली. दगड पस्तीस निघाले. प्रत्येकावर डांबरानं आकडा घातला आणि वहीत आकड्यासमोर लिहिलं, दगड कोणाच्या हद्दीला लागून आहे आणि तो कोण रंगवणार. पान पुरं झाल्यावर माझं मलाच बरं वाटलं.

भाटघरच्या धरणाच्या कामाला ज्यानं चुना भाजून दिला होता, त्याच भट्टीवाल्याकडून चुना आणला. वस्तीवरची माणसं आली, त्यांनी कुंचे घेतले, सांगितलं तसं रंगवलं. कोणी काही विचारलं नाही. वर्गात कोणी प्रश्न विचारला नाही तर धडा समजला असं मी कधी धरत नसे. त्या दिवशी मात्र धरलं.

आठ दिवसांनी पाहते तर दगड पुन्हा काळे. काहींवर चिखल, काहींवर शेण. सतरा नंबरचा, अगदी वळणाच्या पोटातला, ज्याच्या शेजारून मोटार खाली गेली होती, तो तर खालपासून वरपर्यंत लिंपलेला.

मी वहीच्या मागच्या पानावर संशयितांची यादी केली. गाडीवान, कारण कंदिलाचा राग. दुसऱ्या मोटारीचा ड्रायव्हर, कारण त्याचं पहिल्याशी वैर. भट्टीवाला, कारण चुना पुन्हा विकत घ्यावा लागेल. वकिलांच्या नावापुढं प्रश्नचिन्ह घातलं, कारण तेव्हा माझा कोणावरच भरवसा उरला नव्हता. मग सकाळच्या पहिल्या मोटारीनं निघून वळणाच्या अलीकडे उतरले आणि करंजाखाली बसून राहिले.

ऊन वर आल्यावर एक म्हातारी डोक्यावर शेणाची पाटी घेऊन आली. वळणालगतचं भाताचं चिंचोळं खाचर तिच्या घरचं होतं, एवढं मला यादी करतानाच कळलं होतं. तिचं स्वतःचं नाव यादीत नव्हतं. ती सतराव्या दगडापाशी बसली आणि भिंत सारवावी तसा दगड सारवायला लागली. लपूनछपून काही नाही.

"मावशी, हे काय करताय?"

तिनं वळून पाहिलं, हात थांबवला नाही. "मास्तरीणबाय व्हय? म्हटलं, कवा येताय."

"तुम्हाला कोणी सांगितलं हे करायला?"

"मला कोण सांगतंय? आन येकली मी न्हाई. सारी वस्ती हाय." मग हात पाटीवर झटकून तिनं मलाच विचारलं, "पानी कुठवर येनार हाय ते सांगा. हितवर, का वरच्या झाडापत्तुर?"

"कसलं पाणी?"

"असं करू नगा. आमी बघितलंय असलं. धरनाच्या टायमाला बी आधी दगडाला चुना लावला. मग आकडा घातला. मग चावडीवर वही उघडून नावं वाचली. आन मग पानी आलं." तिनं धरणाच्या दिशेला हात केला. "माजं घर त्या पान्याखाली हाय. आंब्याची दोन झाडं हायती. ही येवडी पट्टी ऱ्हायली, ती बी आता तुमच्या वहीत घातली."

मी तिला सगळं सांगितलं. मोटार, बैल, माझं मनगट, धुकं.

"धरनाचा त्यो सायब बी असाच ग्वाड बोलायचा," ती म्हणाली. "तुमच्या वहीत माजं नाव हाय का न्हाई, तेवडं सांगा."

"मुलाचं आहे."

"मंग झालं की."

मला राग आला. आधी तिचा, मग परतीच्या वाटेवर माझा स्वतःचा. चुना, आकडा, हद्द, नाव. वकिलांच्या कपाटातल्या कुठल्याही जमीन संपादनाच्या कागदाहून माझं ते पान वेगळं नव्हतं, उलट जास्त नीटनेटकं होतं.

चार दिवसांनी मी पुन्हा गेले. दगडांवरचे आकडे खरवडून काढले. वस्तीवरच्या बायकांसमोर म्हातारीला विचारलं, "यादी राहिली नाही, तर चुना द्याल?"

"पान हितं द्या."

मी वहीतून पान फाडून दिलं. तिनं ते उलटसुलट पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण रकाने ओळखता येत होते. "येवडंच?"

"एवढंच."

तिनं पानाचे तुकडे करून शेणात कालवले आणि त्याची गोवरी थापली. बायका हसल्या. दिवाळीच्या आधी घरं सारवताना त्यांनी दगडही पांढरे केले, कोणी कुठला करायचा हे त्यांचं त्यांनीच ठरवून. माझ्या यादीबरहुकूम दिला होता त्यापेक्षा चुना दाट बसला. मार्गशीर्षातल्या धुक्यात ड्रायव्हर मला म्हणाला, "आता कड हाक मारतीया, बाई." तो वळणावर भोंगाही वाजवायला लागला होता.

पण "एवढंच" हे खोटं होतं. कच्ची यादी कधी एकटी ठेवायची नाही, पक्की प्रत करायची, ही माझी सवय. ती प्रत टेबलाच्या खणात होती. उद्या बायका कंटाळल्या तर उपयोगी पडेल, असं मी स्वतःला समजावत होते.

पुढच्या वर्षी पाऊस सरल्यावर एक सभ्य सरकारी कारकून माझ्या घरी आला. चहा घेतला. म्हणाला, "रस्ता रुंद करायचा विचार चाललाय. त्या वळणावरच्या दगडांची आणि हद्दींची यादी तुमच्याकडे तयार आहे म्हणे. मिळाली तर आमचं निम्मं काम वाचेल."

त्याचा कोपर टेबलावर होता आणि कोपराखाली तो खण.

रस्ता रुंद झाला असता तर वळण आणखी सुरक्षित झालं असतं, हे मला कळत होतं. म्हातारीची चिंचोळी पट्टी त्या रुंदीत पहिली जाईल, हेही.

"यादी नाही," मी म्हटलं.

"तुमच्याकडे? यादी नाही?" त्यानं भिंतीवरच्या धुण्याच्या यादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला ते पटलं नाही. मलाही पटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वळणावर उतरले. म्हातारी दगडापाशीच होती. चुन्याचं मडकं शेजारी, हातात कुंचा. मी पक्की प्रत तिच्यापुढं धरली आणि कारकून येऊन गेल्याचं सांगितलं.

ती जराही चकित झाली नाही. "म्हाईत हुतं, दुसरं हाय म्हनून."

"कसं?"

"तवा लई लवकर दिलंसा." तिनं कागद घेऊन मडक्यात बुडवला आणि कुंच्यानं तळाशी दाबला. "मोजायला यायचं तर येतील. पर आयतं न्हाई मिळनार." मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. "आन तिसरं?"

"तिसरं नाही."

तिला पटलं की नाही हे मी आजही सांगू शकत नाही. तेवढ्यात वळणापलीकडे भोंगा वाजला. तिनं माझा कोपर धरून मला ओढलं.

"हिकडं या. दगडाच्या आत उभ्या ऱ्हावा."

मी तिच्या खाचरात उतरले. मोटार पांढऱ्या दगडांच्या कडेकडेनं सावकाश निघून गेली.